‘क्रुक’ म्हणजे आजारी: ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आपल्या मुलींसाठी

भुसावळची माझी मामेबहीण पुढच्या महिन्यात नर्स म्हणून ॲडलेडला येतेय. मी चोपड्याची, इथे एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिला फोनवर जे सांगते तेच लिहून काढते.

आधी कान तयार करा. घरी आपण खानदेशात ‘डोया’ म्हणतो आणि शाळेत ‘डोळा’ लिहितो, ते आपल्याला कधी अडत नाही. इथे ‘ए’चा ‘आय’ होतो. ‘डे’ हा ‘डाय’सारखा ऐकू येतो, ‘मेट’ ‘माइट’सारखा. शेवटचा ‘र’ गळतो, म्हणून ‘कार’ची ‘का’ होते. भाकरी थापताना ॲबीसी रेडिओ, म्हणजे इथली सरकारी आकाशवाणी, लावून ठेवा. अर्थाच्या मागे लागू नका, नुसते स्वर ऐका.

लांब शब्द तोडून शेवटी ‘ओ’ किंवा ‘ई’ लावायची इथे फार सवय. ‘आर्वो’ म्हणजे दुपार, ‘सर्वो’ म्हणजे पेट्रोल पंप, ‘ब्रेकी’ म्हणजे नाश्ता. ‘हाउ या गोइंग?’ म्हणजे कुठे चाललीस नव्हे, कशी आहेस. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हटलं तर काहीतरी करून न्यायचं. भरीत न्या, मिरची निम्मी घाला.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच महिन्यात एक आजोबा म्हणाले, ‘आय फील क्रुक.’ मला क्रुक म्हणजे लबाड एवढंच ठाऊक. त्यांचं काही चोरीला गेलं असं समजून मी कपाट तपासत बसले. त्यांना ताप होता. ती वीस मिनिटं अजून मनात सलतात.

त्यात म्हातारी माणसं दुखणं लहान करून सांगतात. ‘शील बी राइट’ म्हणजे होईल बरं, ‘नॉट टू बॅड’ म्हणजे ठीकच आहे. आपले आजोबाही अंगात ताप असताना ‘जरा कणकण आहे’ म्हणून शेतात जायचेच की! तेव्हा शब्दावर थांबू नका. कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगा, शून्य ते 10 मध्ये किती ते विचारा, ताप आणि बीपी स्वतः बघा. ‘यॅ, ना’ (म्हणजे ‘हो, नाही’) असं एका दमात म्हणाले तर उत्तर बहुतेक ‘नाही’ असतं.

कळलं नाही तर ‘सॉरी, से दॅट अगेन?’ लगेच विचारा. खिशात छोटी वही ठेवा. शब्द जसा कानावर पडला तसाच देवनागरीत लिहा, इंग्रजी स्पेलिंग शोधत बसू नका. शिफ्ट संपताना एखाद्या जुन्या नर्सला वाचून दाखवा आणि समोर अर्थ लिहून घ्या.