कोडशेअर तिकीट आणि बदललेला मार्ग : काय तपासावे
कोडशेअर म्हणजे तिकीट एका कंपनीच्या उड्डाण क्रमांकाचे, पण विमान चालवणारी कंपनी दुसरी. म्हणून ऑस्ट्रेलियातून युरोपचे तिकीट काढताना उड्डाण क्रमांकाच्या खाली बारीक अक्षरांत छापलेली, विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे सांगणारी ओळ आधी वाचावी. ऑस्ट्रेलियाची क्वांटास आणि दुबईची एमिरेट्स या विमान कंपन्यांची २०१३ पासून भागीदारी असल्याने तिकीट क्वांटासचे असूनही दुबईमार्गे एमिरेट्सच्या विमानात बसावे लागू शकते. अशा वेळी विमान चालवणाऱ्या कंपनीचा स्वतंत्र पीएनआर मागून घ्यावा, कारण आसन निवडणे आणि चेक-इन बहुधा त्यावरच होते.

मार्गही बदलतात. मार्च २०१८ मध्ये क्वांटासने सिडनी–लंडन विमानाचा थांबा दुबईहून सिंगापूरला हलवला. थांब्याचा देश बदलला, तर भारतीय पासपोर्टधारकांनी ट्रान्झिट व्हिसाचे नियम पुन्हा पाहावेत.

बदलाचा ईमेल आला की घाईने ‘स्वीकारा’ हे बटण दाबू नये. दोन विमानांमधील वेळ पुरेसा आहे का हे पाहावे, आणि नसल्यास जिच्याकडून तिकीट घेतले त्या कंपनीकडे पर्यायी विमान किंवा परतावा लेखी मागावा. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणारे विमान रद्द झाल्यास मात्र नुकसानभरपाईचा दावा विमान चालवणाऱ्या कंपनीकडेच करावा लागतो.