प्रिंटर रुसला की आपण करतो त्या चुका

प्रिंट निघाली नाही की माणूस सगळ्यात आधी काय करतो? पुन्हा प्रिंट दाबतो. मग आणखी दोनदा. सोसायटीत कुणाचा प्रिंटर अडला की हाक मलाच येते, आणि एकाच हॉल तिकिटाच्या दहा-बारा प्रती रांगेत ताटकळताना मी कितीदा तरी पाहिल्यात. पुढची फाइल अडकली की मागच्या सगळ्या अडतात. त्यामुळे जास्त वेळा दाबून फक्त रांग वाढते.

आधी प्रिंटर बंद करा. टास्कबारवरच्या प्रिंटरच्या चिन्हावर डबल क्लिक करून रांग उघडा आणि सगळी कामं कॅन्सल करा. कधीकधी 'डिलीटिंग' असं दिसतं आणि तसंच राहतं. मग स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, यादीतल्या 'प्रिंट स्पूलर'वर (हाच प्रिंटची रांग सांभाळतो) राइट क्लिक करून 'स्टॉप' करा. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा. आतल्या फाइली पुसा, फोल्डर मात्र राहू द्या. स्पूलर परत 'स्टार्ट' करा, प्रिंटर चालू करा आणि एकदाच प्रिंट द्या.

दुसरी तक्रार 'ऑफलाइन'ची. इथे लोक घाईने ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, उडवून नवा टाकतात आणि यादीत त्याच प्रिंटरच्या पुढे 'कॉपी १' लागलेला जुळा भाऊ येतो. मग प्रिंट भलत्याकडेच जाते. वीज जाऊन आली की राउटर प्रिंटरला कधीकधी नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद-चालू करून पाहा. तरी जमलं नाही तर यादीतले सगळे जुळे काढून प्रिंटर नव्याने जोडा. राउटर बदलला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: घरच्या बऱ्याच प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, ५ चं नाव त्यांना दिसतही नाही.

शाईच्या प्रिंटरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे भिंतीवरचं बटण. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की शाई सोडणारं हेड जागेवर जाऊन बसतं आणि त्यावर टोपण लागतं. छपाई चालू असताना भिंतीवरून वीज तोडली तर ते वाटेतच उघडं राहतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या बारीक छिद्रांतली शाई वाळायला वेळ लागत नाही. मग प्रिंटवर पांढरे पट्टे. अशा वेळी आधी 'नोझल चेक', म्हणजे छिद्रं तपासायचं रेषांचं पान, काढा. रेषा तुटलेल्या असतील तरच 'हेड क्लीनिंग', तेही दोन-तीनदाच. उपयोग झाला नाही तर रात्रभर थांबा आणि सकाळी पुन्हा पाहा. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग करणारे महाभाग मला भेटलेत. ती शाई आतल्या पॅडमध्ये मुरते, आणि ते पॅड भरलं की बरेच प्रिंटर चक्क संप पुकारतात. त्यापेक्षा आठवड्याला एक रंगीत पान काढणं स्वस्त पडतं.

कागद अडकला तर दिसेल त्या टोकाने हिसका देऊ नका. प्रिंटर बंद करा, झाकण उघडा, आणि कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश ओढा. फाटला तर तुकडे जुळवून बघा. नखाएवढा कपटा आत राहिला तरी पुढचं पान अडतं. लेझर प्रिंटरमध्ये हात घालण्याआधी अर्धा तास थांबा, आतला फ्यूजर (पूड तापवून कागदावर चिकटवणारा भाग) चांगलाच भाजतो. पावसाळ्यात कागद सर्द होतो आणि एका वेळी दोन-तीन पानं ओढली जातात. उघडं रीम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि ट्रेमध्ये घालण्याआधी पत्त्यांसारखं फुलवून घ्या.

खालच्या दोन ओळी छापल्याच जात नसतील तर पानाचा आकार पाहा. नव्या कॉम्प्युटरवर तो अनेकदा 'लेटर' असतो, म्हणजे २१६ × २७९ मिलिमीटर. आपला ए४ कागद २१० × २९७ चा. सेटिंगमध्ये ए४ करा, आणि ते प्रोग्रॅममध्ये तसंच प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, दोन्हीकडे.