जुना फ्लॅट घेताना-विकताना या चुका टाळा

गुढीपाडव्याचा मुहूर्त चुकू नये म्हणून आम्ही कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटचं टोकन देऊन टाकलं. एक लाखाचा चेक, पेढे, विकणाऱ्या काकांची पाठीवर थाप. आठवड्याने वकिलांनी फाइल उघडली तर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सदस्य कोण ते दाखवणारा कागद) काकांच्या दिवंगत वडिलांचं नाव. विचारलं तर काका सहज म्हणाले, "अहो, मी नॉमिनी आहे की!"

पाडव्याला ठरलेला व्यवहार दसऱ्याला नोंदवला गेला. काका लबाड मुळीच नव्हते. चूक आमची. त्यांच्या घरी चहा घेताना "कागद बघू का?" असं विचारायला जीभ रेटली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते घराच्या व्यवहारात पुरेपूर पटतं.

नॉमिनी म्हणजे मालक समजणं

सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते, पण तो बाकीच्या वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. मालकी वारसांची. काकांना एक बहीण नागपुरात, एक भाऊ न्यू जर्सीत. दोघांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय काकांना पूर्ण फ्लॅट एकट्याने विकताच येत नव्हता.

बहीण गाडीत बसून आल्या. भावाचं प्रकरण लांबलं. त्यांच्या वतीने इथे कोणी सही करायची तर कुलमुखत्यारपत्र हवं, आणि परदेशात केलेलं ते नुसतं ईमेलने पाठवून भागत नाही. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं लागतं किंवा नोटरी करून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) घ्यावं लागतं, आणि मूळ कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पहिला कागद साध्या नोटरीचा आला. तो परत गेला, दीड महिना वाया.

भावाने हक्क न सोडता विक्रेता म्हणून सही केली असती, तर आणखी एक फाटा फुटला असता. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण हा 1 टक्का विक्रेता भारतात राहणारा असेल तरच. अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर कपात कितीतरी जास्त दराने होते, आणि कमी दराचं प्रमाणपत्र त्याने आयकर खात्याकडून आधीच आणलं नसेल तर त्याचे बरेच पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतात. कापायचं राहिलं तर खातं खरेदीदाराला धरतं, म्हणून "तुमचा मुक्काम कुठे असतो?" हे गप्पांच्या ओघात नव्हे, मुद्दाम विचारा.

बँक सौद्याच्या किमतीवर कर्ज देईल असं गृहीत धरणं

सौदा 80 लाखांचा, म्हणजे 80 टक्क्यांनी 64 लाख कर्ज मिळेल, असा आमचा हिशोब. बँकेचा व्हॅल्युअर आला, जिन्यातली ओल बघितली, इमारतीचं वय लिहून घेतलं आणि 72 लाख किंमत काढून गेला. बँक सौदा आणि मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरते. कर्ज 57 लाख 60 हजारांवर आलं. 6 लाख 40 हजारांचं भगदाड.

शिवाय पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क 7 टक्के (एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत), म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. हे पैसे एरवी कर्जात धरत नाहीत. सौदा रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या किमतीपेक्षा) स्वस्तात पडला म्हणून खूश होऊ नका, शुल्क दोन्हींतल्या जास्त रकमेवर बसतं.

टोकनच्या पावतीवर दोन ओळी हव्यात: कर्ज अमुक रकमेपेक्षा कमी मंजूर झालं किंवा मालकीत दोष निघाला, तर टोकन इतक्या दिवसांत परत. आमच्या पावतीवर नुसतं "मिळाले" होतं. काका भले म्हणून त्यांनी मुदत वाढवून दिली.

विकणाऱ्यांनीही ऐका

तुमचं गृहकर्ज फेडून झालं असेल तर मूळ कागद बँकेतून आजच आणा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हा नियम डिसेंबर 2023 पासूनचा. कर्ज चालू असेल तर लपवू नका. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिथे जमा असलेल्या कागदांची यादी घ्या. खरेदीदाराची बँक थेट तुमच्या बँकेत पैसे भरते, हे रोजचं आहे.

सोसायटीशी वाद असेल तर तो आधी मिटवा. हस्तांतर शुल्काची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. त्यावर "रंगकामाला देणगी" मागितली जाते. नियमात ती बसत नाही, तरी सेक्रेटरी ना हरकत पत्रावर सही करायला पंधरा दिवस लावतात. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) या पत्राची सक्तीही नाही, पण बँक मागते. मग कोण भांडणार?

पार्किंगसाठी मात्र घेणाऱ्याने भांडावं. "हे आमचंच" असं सांगून दाखवलेल्या जागेचं सोसायटीचं वाटपपत्र मागा. मोकळी किंवा इमारतीखालची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे. बिल्डरच्या पावतीवर विसंबू नका.

नोंदणीच्या दिवशी

सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा, पुढे दंड. आमच्या दिवशी सर्व्हर बंद होता. तो सुरू झाल्यावर काकूंचा अंगठा यंत्रावर उठेना, भांडी घासून रेषा गेलेल्या. ऑपरेटरने ओला रुमाल दिला, पुसून चौथ्या वेळी उठला. साक्षीदार मित्र तेवढ्यात आधार कार्डाची झेरॉक्सच घेऊन आला. मूळ कार्ड घरी. तो रिक्षाने जाऊन येईपर्यंत आमचा नंबर सात जणांमागे गेला.

संध्याकाळी चाव्या घेताना मी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला आणि काकांकडे त्या महिन्याच्या मेंटेनन्सची पावती मागितली. या वेळी अजिबात न लाजता.