टोकदार निब निवडताना

जळगावात माझ्याकडे टाकाने, म्हणजे शाईत बुडवायच्या पेनाने, लिहायला-काढायला शिकायला येणारी मुलं आधी सगळ्यात मऊ निब मागतात. मी ‘निक्को जी’ नावाची निब देतो. ती ताठ आहे, नवख्या हाताचा दाब सोसते. हात बसला की ‘जिलॉट 303’ ही लवचीक निब घ्या: दाबलं की रेघ फुगते, सोडलं की केसागत बारीक होते. रावेरकडच्या केळीच्या पानाच्या शिरा काढायला मला हीच लागते. पण खरखरीत कागदावर तिची चिरलेली दोन टोकं कागदाच्या धाग्यांत अडकतात आणि शाई उडते. कागद गुळगुळीतच हवा. ‘हंट 102’ या निबला बारीक होल्डर (निब बसवायचा दांडा) वेगळा लागतो.

निब उजेडाकडे धरून बघा. दोन्ही टोकं सरळ आणि जुळलेली हवीत. नवीवर तेलकट थर असतो, तो टूथपेस्टने चोळून धुवा, नाहीतर शाई नीट धरत नाही.

देवनागरीसाठी लक्षात ठेवा, टोकदार निबची रेघ खाली ओढतानाच जाड होते. आडवी शिरोरेषा जाड हवी तर कागद फिरवा. बोरूचं वळण हिच्याकडून मागू नका, त्यासाठी बोरूच घ्या.

मे महिन्यात आपल्याकडे शाई टोकावरच वाळते. ओलं फडकं जवळ ठेवा, दर दोन-तीन ओळींनी निब पुसा.