जुन्या ट्रकला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स: जॅक लावण्याआधीची तयारी

दुसऱ्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स चांगला आहे, एवढ्यावर ट्रकखाली शिरू नका. एका मॉडेलचं बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं आवरण), दुसऱ्याची क्लचप्लेट आणि तिसऱ्याचा शाफ्ट असा मेळ घालायचा असेल, तर गडबड होते ती सांध्यांवर. म्हणून ट्रक अजून चालता असतानाच सगळे भाग जमिनीवर मांडा आणि व्हर्नियर (बारीक माप घेणारं साधन) हातात घ्या. उदाहरणं शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनाची देतो, कारण त्या कुटुंबात अदलाबदल सर्रास होते आणि घोळही तितकेच.

सुरुवात फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या मागच्या जड चाकापासून) करा आणि त्याच्या कडेच्या रिंगचे दाते मोजा. १५३ दात्यांचं लहान, १६८ दात्यांचं मोठं. दोन्हींचे स्टार्टर वेगळे, आणि मोठं फ्लायव्हील प्रत्येक बेल हाउसिंगमध्ये मावत नाही. इंजिन १९८६ नंतरचं, मागे अखंड (एकाच तुकड्याचं) तेल-सील असलेलं निघालं, तर जुनं फ्लायव्हील बसणारच नाही. क्रँकवरच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या) बोल्टचं वर्तुळ वेगळं, बॅलन्सिंगही वेगळं.

क्लचप्लेट दोन मालकांची नोकर असते: बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटशी जुळायला हवा, मधले स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचांत बसणारे दाते) गिअरबॉक्सशी. १ १/८ इंचाचाच इनपुट शाफ्ट (बॉक्सचा पुढचा दांडा) कधी १० स्प्लाइनचा असतो, कधी २६ स्प्लाइनचा. प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघा. पायलट बुशही (क्रँकच्या टोकात शाफ्टला आधार देणारी बारकी बुशही) तसाच, आधी शाफ्टच्या टोकावर घालून पाहायचा. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आखूड आणि लांब अशा दोन्ही प्रकारांत मिळतं. ते बेअरिंग ढकलणाऱ्या क्लच फोर्कचा कोन चुकीचा दिसला तर पेडलला दोष देण्याआधी बेअरिंगची उंची मोजा.

सगळ्यात जास्त वेळ बेल हाउसिंगला द्या. मधलं भोक ट्रकच्या बॉक्ससाठी ५.१२५ इंच, कारच्या बऱ्याच बॉक्ससाठी ४.६८६ इंच. कारचा बॉक्स ट्रकच्या हाउसिंगला नुसत्या बोल्टवर लटकवू नका, मध्ये अडॅप्टर रिंग लागतेच, कारण बॉक्स केंद्रात धरून ठेवायचं काम त्या भोकाचं आहे, बोल्टचं नाही. मग डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळी माप) फ्लायव्हीलला लावून क्रँक हाताने पूर्ण फिरवा आणि भोकाच्या कडेवरचं वाचन घ्या. एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. जास्त आला तर सरकवायचं अंतर वाचनाच्या निम्मं: ०.०१४ आलं, तर ०.००७ च्या ऑफसेट डॉवेल पिना (हाउसिंग थोडं बाजूला सरकवून बसवणाऱ्या खुंट्या) मागवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण टाळतात. मग गिअर तिसऱ्यातून उडतो किंवा पायलट बुश झिजतो, आणि खापर बिचाऱ्या बॉक्सवर फुटतं.

क्रॉसमेंबर, माउंट, गिअर लिव्हरसाठी फ्लोअरमधलं भोक, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटचा स्विच: हे बघून ठेवा, यातलं काहीच अवघड नाही. तेल मात्र बॉक्सच्या मॅन्युअलप्रमाणेच. पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) असतील तर हाताशी आलेलं जीएल-५ दर्जाचं गिअर तेल ओतू नका.

जोडताना बॉक्स शेवटपर्यंत हाताच्या दाबाने सरकला पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवायची नाही. एकतर प्लेट केंद्रात नाही किंवा पायलट अडतोय. बॉक्स उतरवा आणि बघा. जबरदस्ती केली तर बॉक्सचा बोल्टचा कान तुटेल.

प्रोपेलर शाफ्टची (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) ऑर्डर सगळ्यात शेवटी. बॉक्सच्या मागे सरकणाऱ्या योकचे (शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याचे) स्प्लाइन (२७ की ३२) मात्र आधीच मोजा, आणि दोन टोकांना वेगळ्या मापाचे क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातले चौकोनी जोड) असतील तर मिश्र मापाचा क्रॉस मिळतो का, चौकशी करून ठेवा. लांबी घ्यायची ती बॉक्स पक्का बसल्यावर, ट्रकचं वजन चाकांवर असताना, योक पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढून. जुना शाफ्ट तोवर भंगारात देऊ नका, कापून वापरता येण्याइतका लांब असू शकतो.