कॅन्ससची प्रेअरी बघायची तर स्थानिक गाइड कसा शोधायचा आणि त्याच्याबरोबर दिवस कसा घालवायचा

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातून हायवेनं आरपार गेलेल्या बहुतेकांचं एकच म्हणणं असतं, तिथे काही नाहीये हो, नुसतं गवत. ताशी ७५ मैलांनी गाडी पळवली तर असंच वाटणार. प्रेअरीत, म्हणजे या गवताळ माळांवर, जे काही बघण्यासारखं आहे ते एकतर गुडघ्याच्या खाली असतं नाहीतर काटेरी तारेच्या पलीकडे असतं, आणि राज्यातली जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे त्यामुळे तारेच्या पलीकडे तुम्ही आपलेआपण जाऊच शकत नाही. म्हणून गाइड. रस्ता फोनही दाखवतो, पण हे गेट कोणाचं, आज उघडू देईल का, आणि आत गेल्यावर नेमकं कुठे वाकून बघायचं हे सांगणारा माणूस लागतो, आणि तो तिथलाच लागतो.

मी इथे फ्लिंट हिल्सबद्दलच लिहितोय, म्हणजे कॅन्ससच्या पूर्व भागातला उत्तर-दक्षिण पसरलेला टेकड्यांचा पट्टा. उंच गवताची प्रेअरी एकेकाळी उत्तर अमेरिकेत साधारण १७ कोटी एकर होती, त्यातली आज ४ टक्क्यांहून कमी उरलीय आणि उरलेल्यातला मोठा भाग इथेच आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्ट्राँग सिटी आणि कॉटनवुड फॉल्स ही जोडगावं मुक्कामाला धरावीत, कॅन्सस सिटीहून गाडीनं दोनेक तास लागतात.

आता गाइड शोधायचा कसा. मोठ्या टूर कंपन्यांच्या साइटवर वेळ घालवू नका, तिथे असले लोक सापडत नाहीत. स्ट्राँग सिटीजवळ टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह हे राखीव कुरण आहे, १९९६ मध्ये झालेलं, जवळपास ११ हजार एकर, प्रवेश फुकट. सुरुवात तिथून करा. तिथल्या रेंजरबरोबरचा कार्यक्रम असेल तर आधी तो करा आणि मग त्यांनाच विचारा की इथे खासगीत फिरवणारं कोण आहे. दुसरी जागा म्हणजे काउंटीचं (जिल्ह्याचं) छोटं म्युझियम, तिथे बसणाऱ्या व्हॉलंटियर लोकांना कोण कोणाचा चुलत भाऊ इथपासून सगळं माहीत असतं. तिसरी म्हणजे गावातलं सकाळचं कॅफे. तिथे घाई न करता बसायचं, शेजारच्या टेबलाशी हवापाण्याच्या गप्पा होऊ द्यायच्या आणि मग विषय काढायचा. बऱ्याचदा जो सगळ्यात चांगला गाइड असतो त्याचा धंदा गाइडचा नसतोच, तो निवृत्त शिक्षक असतो किंवा आयुष्यभर दुसऱ्यांची गुरं सांभाळलेला काउबॉय असतो.

फोनवर बोलताना दोन प्रश्न विचारा, त्यावरून माणूस कळतो. पहिला, ही जमीन कुणी नांगरली का नाही? उत्तर दगडात आहे. इथे चुनखडीचे थर आहेत आणि त्यात चकमकीचे दगड ठासून भरलेत, नांगर चालतच नाही, म्हणून शेती झाली नाही आणि म्हणून गवत वाचलं. हे ज्याला रंगवून सांगता येतं त्याला बाकीचंही येतं. दुसरा प्रश्न, रँचर (मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे) यायच्या आधी इथे कोण होतं? जो गोष्ट १८५० नंतरच्या वसाहतवाल्यांपासूनच सुरू करतो त्याला धन्यवाद म्हणून फोन ठेवा. इथल्या मूळच्या कॉ जमातीच्या लोकांचं नाव त्याच्या तोंडून यायला पाहिजे, ज्यांच्यावरून राज्याला कॅन्सस नाव पडलं आणि ज्यांना १८७३ मध्ये इथून उठवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. काउन्सिल ग्रोव्ह गावाबाहेर कॉ नेशननं आपल्या जुन्या जमिनीचा एक तुकडा परत विकत घेतलाय, अलेगवाहो पार्क म्हणतात त्याला, तिथे नेणारा गाइड मिळाला तर सोडू नका. ओसेज या दुसऱ्या मूळ जमातीचं नावही यायला पाहिजे, दक्षिणेकडचा बराच भाग त्यांच्या शिकारीचा.

सौदा करताना मैल मोजू नका, थांबे मोजा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण लोक दिवसात सहा गावं बघायचा प्लॅन घेऊन येतात आणि मग गाइड बिचारा ड्रायव्हर होऊन जातो. त्याला सरळ सांगा की आम्हाला तीन-चार ठिकाणीच न्या पण प्रत्येक ठिकाणी खाली उतरून चालायचंय. गाडी कोणाची, पेट्रोल कोणाचं, पाऊस आला तर काय, खासगी जमिनीवर जाणार असू तर मालकाची परवानगी आधीच घेतलीय ना, हे सगळं फोनवरच बोलून घ्या. त्याच्या पिकअपमधून जाता आलं तर उत्तमच, कारण भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते आपण कधी वाचलेलं नसतं.

कधी जायचं यावर वाद घालणारे खूप आहेत, माझं मत स्पष्ट आहे, एकदाच जाणार असाल तर एप्रिल. दोन कारणं. एक, ग्रेटर प्रेअरी चिकन. हे नर पक्षी वसंतात पहाटे एका ठरलेल्या उघड्या माळावर जमतात, मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटत नाचतात आणि एक खोल घुमणारा आवाज काढतात जो शांत सकाळी एक मैलावरूनही ऐकू येतो. यासाठी गाइड लागतोच, जागा त्याला माहीत असते आणि बसायची लपणं रँचरच्या जमिनीवर असतात. उजाडायच्या चांगलं पाऊण तास आधी आत जाऊन बसायचं, फोन बंद, कुजबूज बंद, आणि पक्षी आपणहून उडून जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. थंडी वाजते, भरपूर कपडे घाला, आणि सळसळ आवाज करणारं जॅकेट नको.

दुसरं कारण आग. मार्च-एप्रिलमध्ये रँचर मुद्दाम कुरणं पेटवतात. नवख्या माणसाला वणवा लागल्यासारखं वाटतं, पण आग लावली नाही तर काही वर्षांत लाल सीडरची झाडं आणि झुडपं घुसतात आणि गवत मागे हटतं. गुरांसाठीही जळक्या जमिनीवर फुटलेलं गवत जास्त कसाचं. ही पद्धत रँचरांनी शोधलेली नाही, कॉ आणि ओसेज लोक त्यांच्या कितीतरी आधीपासून पेटवत होते. गाइडला आधी सांगून ठेवलं तर आज कोण पेटवतंय ते तो फोन करून विचारतो आणि वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूच्या रस्त्यावर सुरक्षित अंतरावर उभं करतो. इथे त्याचं ऐकायचं म्हणजे ऐकायचं. धूर रस्त्यावर आला असेल तर त्यात गाडी घालायची नाही, फोटोसाठी धुरात थांबायचं तर अजिबात नाही. आग विझवायला शेजारपाजारचे सगळे पाण्याच्या टाक्या लावलेले पिकअप घेऊन आलेले असतात, त्यांच्या वाटेत आपण गाडी लावून ठेवायची नाही.

आगीचा परिणाम सावकाश बघायचा असेल तर मॅनहॅटनजवळ (कॅन्ससमधलं मॅनहॅटन) कोन्झा प्रेअरी आहे. विद्यापीठाचे लोक तिथे जमिनीचे वेगवेगळे तुकडे दर वर्षी, दोन वर्षांनी, चार वर्षांनी आणि वीस वर्षांनी असे पेटवतात. गाइडला अशा जागी उभं करायला सांगा जिथून दोन शेजारचे तुकडे एकत्र दिसतात, एकीकडे निव्वळ गवत आणि दुसरीकडे झुडपांची गर्दी, मधे फक्त एक पायवाट. अर्धा तास भाषण ऐकून जे कळत नाही ते इथे नुसतं उभं राहून कळतं.

गवतच बघायचं असेल तर मात्र सप्टेंबर-ऑक्टोबर. तोवर बिग ब्लूस्टेम माणसाच्या उंचीचं झालेलं असतं, रंग तांबूस-जांभळा, आणि तुऱ्याला तीन फाटे, टर्कीच्या पायासारखे, म्हणून तिथले लोक टर्की फूटच म्हणतात. गाइडला म्हणा की चार मुख्य गवतं हातात घेऊन वेगळी ओळखायला शिकवा, बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास आणि स्विचग्रास. देठाला बोट लावून बघायचं, पान जिथे देठाला मिळतं तिथे निरखायचं. स्विचग्रासला त्या सांध्यात बारीक केसांचा पुंजका असतो आणि इंडियनग्रासला दोन टोकदार कानांसारखं काहीतरी उभं असतं. हे एकदा कळलं की समोरचा एकसारखा माळ एकसारखा दिसणं बंदच होतं, आणि मग जमिनीखाली याची मुळं दहा फुटांपर्यंत किंवा त्याहूनही खोल गेलीत हे ऐकल्यावर आपण कशावर उभे आहोत ते जाणवतं. प्रिझर्व्हमध्ये काही उपटायचं किंवा उचलायचं नाही, दगडसुद्धा नाही.

प्रिझर्व्हमध्ये बायसन, म्हणजे गव्यासारखी दांडगी रानगुरं, हीही आहेत, २००९ मध्ये साउथ डकोटातल्या विंड केव्ह पार्कातून आणलेले. त्यांच्या कुरणातूनच पायवाट जाते. निदान शंभर यार्ड लांब राहायचं, वाटेतच बसले असतील तर लांबून वळसा घालायचा नाहीतर परत फिरायचं. ते शांत चरताना दिसतात पण पळायला लागले तर माणसाच्या बापाला ऐकत नाहीत. बायसन लोळून लोळून जमिनीत जे उथळ खड्डे करतात ते गाइडकडून बघून घ्या, पावसानंतर त्यात पाणी साठतं आणि आजूबाजूला वेगळ्याच वनस्पती उगवतात.

रस्त्यांबद्दल थोडं. कॅन्ससचा बराच भाग मैल-मैलाच्या चौकोनात आखलेला आहे, एक चौकोन म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर, त्यामुळे पत्ता सांगताना लोक दोन मैल उत्तरेला, एक मैल पूर्वेला असंच सांगतात. फ्लिंट हिल्समध्ये आलं की ही आखणी तुटते, रस्ते टेकड्यांप्रमाणे वळतात किंवा मधेच संपतात. पाऊस पडल्यावर मातीच्या रस्त्यावर जायचं नाही आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही थोडं दिसो, गाडी घालायची नाही. फोनला रेंज जाते-येते. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या, पुढच्या गावात पंप असेलच असं नाही. समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल, तुम्हीही उचला.

गेटचा नियम एकच, जसं होतं तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसानं उतरून गेट उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं, हे काम न सांगता करा, गाइडला फार बरं वाटतं. गुरांना बघून हॉर्न मारू नका. जागोजागी दगडावर दगड रचून केलेल्या, चुन्याशिवायच्या भिंती दिसतील, त्यांच्यावर चढू नका. १८६७ मध्ये राज्यानं मोकाट चराई बंद केली आणि अशी भिंत बांधणाऱ्याला दर रॉडला, म्हणजे साडेसोळा फुटांना, ४० सेंट द्यायचं ठरवलं. इतक्या मेहनतीला एवढेच पैसे, आणि तरी त्यातल्या कितीतरी भिंती अजून उभ्या आहेत.

गाइडशिवाय जाताच येणार नाही अशी एक जागा सांगतो. बझार गावाजवळच्या खासगी कुरणात एक स्मारक आहे, ३१ मार्च १९३१ ला तिथे विमान पडलं आणि अमेरिकन फुटबॉलचा कोच नूट रॉक्नीसकट आठ जण गेले. लाकडी पंखाचं फॉकर विमान होतं, आणि त्या अपघातानंतर अमेरिकेत विमानं बांधायचे आणि तपासायचे नियम कडक होत गेले. आधी ठरवून, मालकाच्या परवानगीनंच जायचं. चारी बाजूंना कुरण आणि मधे तो दगड, तिथे गाइडला बोलू द्या, आपण गप्प राहा.

कपडे आणि कीटक: फुल पँट, पायमोजे पँटवरून ओढलेले, गोचीड आणि चिगरसाठी (चावणारे बारीक किडे) औषध फवारलेलं, आणि संध्याकाळी अंघोळ करताना गोचीड शोधायचीच. रॅटलस्नेक आहेत, म्हणून दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही. टोपी आणि पाणी, कारण सावली मैलोन्मैल मिळत नाही. एप्रिल ते जून वादळांचे दिवस, सकाळी निघताना गाइडला विचारा की आज टॉर्नेडोचा सायरन वाजला तर आपण कुठे शिरायचं, आणि तो आकाशाकडे बघून म्हणाला की आता परत फिरू तर कितीही ऊन असलं तरी फिरा.

गहू बघायचा असेल तर तो जूनमध्ये, आणि इथे नाही, पश्चिमेला मध्य कॅन्ससमध्ये. १८७४ पासून रशियातून आलेल्या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्यांनी टर्की रेड नावाचा हिवाळी गहू तिथे रुजवला. ग्रेन एलेव्हेटरवर (धान्य साठवायच्या उंच कोठारावर) ट्रकची रांग लागते, एकेक ट्रकमधून नमुना काढून ओलावा तपासतात. सुगीत कोणाला दोन मिनिटं उसंत नसते, त्यामुळे गाइडची ओळख असेल तरच आत जा. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, फ्लिंट हिल्सच्या दिवसात तो कोंबू नका.

पैसे रोख तयार ठेवा, टिप पंधरा-वीस टक्के. ज्याच्या जमिनीवर गेलात त्या रँचरचा पत्ता गाइडकडून घेऊन एक कार्ड पोस्टानं पाठवा, काय काय बघितलं ते दोन ओळीत लिहून. पुढच्या वेळी गाइडनं गेटसाठी फोन केला की रँचरला हो म्हणायला ते कार्ड उपयोगी पडतं.