कॅमेऱ्यातून फोटो उतरवायला तास का लागतो?

लग्नाचं एक काम, हळदीपासून पाठवणीपर्यंत, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही धरून ६० जीबी. कॅमेऱ्यालाच केबल लावून हे कॉम्प्युटरवर घ्यायचं तर तास-सव्वा तास जातो. तेच मेमरी कार्ड बाहेर काढून बऱ्या कार्ड-रीडरात घातलं की अकरा-बारा मिनिटांत काम होतं. म्हणून पहिला सल्ला एवढाच: केबल बॅगेत राहू द्या, कार्ड काढा.

केबल हळू का, तर कॅनन १५००डी, निकॉन डी५६०० अशा कॅमेऱ्यांचं पोर्ट यूएसबी २.० आहे. कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० एमबी. हातात पडतात जेमतेम ३० ते ४०. त्यात केबलने जोडलेला कॅमेरा सहसा पेन ड्राइव्हसारखा दिसत नाही. कॉम्प्युटर प्रत्येक फाइल कॅमेऱ्याकडे मागतो, कॅमेरा ती काढून देतो, आणि वेग १५-२० वर येतो. शिवाय मध्येच बॅटरी संपली की कॉपी अर्धवट. नव्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) टाइप-सी पोर्ट बऱ्याचदा जलद असतं, पण तिथे मोबाइलच्या चार्जरची केबल लावू नका. चार्जिंगच्या बऱ्याच केबल दोन्ही टोकांना टाइप-सी असूनही आतून यूएसबी २.०च असतात.

वायफायचा नाद मोठ्या कामासाठी सोडाच. नवरीच्या भावाला दोन फोटो लगेच मोबाइलवर द्यायला ते ठीक. निकॉनचं स्नॅपब्रिज अ‍ॅप आपोआप पाठवतं ते फोटोही २ मेगापिक्सेलचे असतात, मूळ फाइल नव्हे.

रीडर घेताना खोक्यावरच्या मजकुरावर जाऊ नका, प्लगच्या तोंडात बघा. यूएसबी ३.०च्या (२.०हून जलद) चौकोनी प्लगमध्ये पुढे चार पट्ट्या आणि त्यांच्यामागे आणखी पाच दिसतात. नुसत्याच चार असतील तर प्लास्टिक कितीही निळं असो, रीडर २.०च आहे. कॉम्प्युटरचं पोर्टही ३.० हवं, ते बहुधा निळं असतं किंवा शेजारी ‘एसएस’ अशी खूण असते. प्लग एका दमात आत ढकला. हळूहळू सरकवला तर पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि कधीकधी कॉम्प्युटर त्याला २.० समजून बसतो. लॅपटॉपच्या अंगच्या कार्ड-खाचेवरही डोळे झाकून विश्वास नको, काहींची जोडणी आतून २.०चीच असते.

आता मोजून बघा. विंडोजमध्ये कॉपी सुरू केल्यावर ‘मोर डिटेल्स’ दाबलं की वेगाचा आलेख येतो. आधी ३-४ जीबीची एकच व्हिडिओ फाइल कॉपी करा, मग फोटोंचा फोल्डर.

आकडा सेकंदाला ३०-४० एमबीवर चिकटून राहिला, तर रीडर, केबल, हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी) किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी बहुधा २.० आहे. एकेक बदलून बघा. ८०-९५ मिळत असेल तर साध्या यूएचएस-वन (एसडी कार्डाच्या वेगाचा एक प्रकार) कार्डाची हद्द आली, दुरुस्त करण्यासारखं काही नाही. कार्डावर १७० किंवा २०० छापलेलं असलं तरी तो वाचण्याचा कमाल वेग असतो, आणि यूएचएस-वनची मर्यादा १०४ असल्याने तो त्यासाठीच्या खास रीडरातच मिळतो. यूएचएस-टू कार्डाच्या पाठीवर पट्ट्यांची दुसरी रांग असते. त्याला रीडरही यूएचएस-टूच लागतो, नाहीतर जास्तीचे पैसे पाण्यात.

सुरुवातीला झपाट्याने जाऊन दोन-चार जीबीनंतर वेग कोसळला, तर दोष कार्डाचा नसतो. आधीचा डेटा रॅममध्ये जमा होत होता. आता हार्डडिस्कला तो खरोखर लिहावा लागतोय. कार्ड आणि बाहेरची हार्डडिस्क एकाच हबवर असतील तर दोघं एकाच वाटेत अडतात. आधी आतल्या एसएसडीवर घ्या, मग निवांत डिस्कवर हलवा. व्हिडिओ जोरात जातो पण हजारो जेपेग रखडतात, तेव्हा अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासत असण्याची शक्यता मोठी. टास्क मॅनेजरमध्ये त्याचा सीपीयू वापर बघा. फोटो येणाऱ्या फोल्डरला तपासणीतून वगळता येतं, फक्त त्या फोल्डरात डाउनलोड वगैरे टाकू नका.

वेग शून्यावर जाऊन पुन्हा उठत असेल, तर मात्र घाई करू नका. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या, दुसऱ्या रीडरात घाला. तरीही तेच होत असेल तर कार्ड जायला टेकलंय. त्यावर नवीन काही लिहू नका, थोडे थोडे फोटो निवडून बाहेर काढा, आणि त्या कार्डावर पुढचं काम घेऊ नका.

कट-पेस्ट कधीच नको, कॉपीच करा. मध्येच रीडर हलला तर मूळ कार्ड तरी शाबूत राहतं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतोय का ते पाहा. दहा-वीस फोटो उघडून बघा, शेवटचे आवर्जून. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर झाली की मगच कार्ड फॉरमॅट करा, आणि तेही कॅमेऱ्यातच.